पोर्टफोलिओत कुठली कामं ठेवू? प्रेसमधली, कॉलेजातली की कोर्समधली?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आता गरज पडली म्हणून धागा काढतेय.

मी सांगलीची. जी. डी. आर्ट (उपयोजित) झालं आणि तेव्हापासून गावातल्याच एका ऑफसेट प्रेसमध्ये डिझायनर आहे. आता पुण्यात पॅकेजिंग-ब्रँडिंग करणाऱ्या एखाद्या स्टुडिओत जायचंय. ओळखीतून दोन ठिकाणी विचारलं तर दोघांचंही उत्तर एकच: पोर्टफोलिओ पाठवा, पाच-सहा कामं पुरेत. सगळं घोडं इथेच अडलंय.

माझ्याकडचा माल असा. एका घरगुती मसालेवाल्यांची चार पाकिटं (कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, शेंगदाणा चटणी, जवस चटणी), छापून दुकानात आलेली. हळद पावडरीचा एक पाउच. एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, तो दरवर्षी माझ्याकडेच असतो. गणेश मंडळांची पावती पुस्तकं आणि कार्यक्रमपत्रिका ढिगानं. लग्नपत्रिकांचा त्याहून मोठा ढीग. फ्लेक्स, त्याबद्दल न बोललेलं बरं. एका स्थानिक दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. कॉलेजातली 'पाणी वाचवा' पोस्टरं आणि एका काल्पनिक कॉफी शॉपचं ब्रँडिंग, मगावर आणि कापडी पिशवीवर लोगो वगैरे. सुलेखनाची काही पानं. शिवाय ऑनलाइन कोर्समध्ये फिग्मावर केलेली दोन अ‍ॅप रिडिझाइन्स, एक एसटी आरक्षणाचं आणि एक खाणं मागवायच्या अ‍ॅपचं.

माझा कल कॉफी शॉप, दोन्ही अ‍ॅप, पोस्टरं, दिवाळी अंक आणि हळद यांच्याकडे आहे. ही दिसायला 'डिझाइन' वाटतात. प्रेसमधलं बाकीचं दाखवायला संकोच वाटतो, बघणारे म्हणतील फ्लेक्सवाली आलीय. तुम्ही काय निवडाल?

कट्टेकरी

फ्लेक्सला नावं ठेवायचं काम नाही! वर साहेब, मध्ये दादा, खाली बावीस शुभेच्छुक. त्यातल्या एकाचा चेहरा शेजारच्यापेक्षा करंगळीएवढा लहान झाला तरी रात्री प्रेसवर माणसं येतात. यापेक्षा अवघड मांडणी कुठल्या कॉलेजात शिकवतात सांगा. (ह. घ्या.)

चौकट

पुण्यात पॅकेजिंगमध्येच आहे. आमच्याकडे आलेले पोर्टफोलिओ आधी माझ्यासमोर येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमची यादी जवळजवळ उलटी करा.

कॉफी शॉप प्रत्येकाकडे असतं. खाकी कागद, पांढरा मग, कापडी पिशवी, मागे संगमरवर. तो मॉकअप (तयार फोटोवर डिझाइन बसवलेलं चित्र) कुठल्या साइटवरून उतरवलाय हेसुद्धा आम्हाला पाठ झालंय. तशी कामं वाईट असतात असं नाही, पण त्यांच्याबद्दल विचारायला काही उरत नाही. गिऱ्हाईकच नव्हतं, म्हणजे कुणी 'नको' म्हटलं नाही, पैसे कमी पडले नाहीत, छापणाऱ्यानं हात वर केले नाहीत.

तुमची चार मसाल्याची पाकिटं मात्र समोर आली तर मी खुर्ची पुढे ओढून बसेन. ग्रॅव्ह्युअरवर (कोरलेल्या सिलिंडरांनी होणारी छपाई) छापली की डिजिटलवर? ग्रॅव्ह्युअर असेल तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, आणि सिलिंडर स्वस्त नसतो. मग चार चवींत कुठले सिलिंडर सामाईक ठेवले आणि कुठले बदलले? मागची बाजू कशी बसवली? परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, हिरवा ठिपका, निव्वळ वजन, एमआरपी, घटक, पोषणमूल्यांचा तक्ता, पत्ता, तक्रारीसाठी फोन, आणि हे सगळं तळहाताएवढ्या जागेत, त्यातही मधोमध सील जाणार. बॅच नंबर छापायला रिकामी खिडकी ठेवलीत का? कडेला मशीनसाठी आयमार्क (पाकीट कुठे कापायचं ते दाखवणारी खूण) आहे का?

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ पोर्टफोलिओंत पाकिटाची मागची बाजू नसतेच. खरं काम तिथे असतं.

फोटो काढताना पाकीट भरून काढा. भरलं की ते फुगतं, आणि फुगल्यावर तुमचं नाव कुठे वळतं ते मला बघायचं असतं. सोबत सपाट आर्टवर्कही द्या.

हळदीचा पाउच याच जातीचा असेल तर गाळा. एकच गोष्ट दोनदा सांगू नये.

कृष्णाकाठ

@चौकट, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. ग्रॅव्ह्युअरच होतं. मालकांचा हात आखडता होता, म्हणून अशी रचना केली की पांढरा, पिवळा आणि लाल हे चारही पाकिटांना सामाईक. बदलतो तो फक्त मजकुराचा काळा आणि त्या चवीचा एक खास रंग. म्हणूनच पाकिटावर मिरच्यांचा फोटो नाही, काळ्या रेषांची चित्रं आहेत. फोटो घेतला असता तर प्रत्येक चवीला सगळा संच नव्याने करावा लागला असता. बघणाऱ्यांना ती शैली वाटते.

यात दाखवण्यासारखं काही असेल असं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे हे रोजचंच.

चौकट

'म्हणूनच फोटो नाही, रेषांची चित्रं आहेत.' हे वाक्य जसंच्या तसं चित्राखाली टाका. मुलाखतीतला निम्मा वेळ त्यावरच जाईल.

गॅली_प्रूफ

खिळे जुळवण्याच्या काळापासून छपाईत आहे, आता निवृत्त. पोरी, एक विचारतो. पतसंस्थेचा अहवाल तू यादीत टाकलास आणि निवडीत त्याचं नावही नाही. का गं?

कृष्णाकाठ

काका, त्यात बघण्यासारखं काय आहे? आकड्यांचे तक्ते नुसते. मुखपृष्ठावर संस्थेची इमारत आणि संस्थापकांचा फोटो, तो बदलायची परवानगी नाही.

गॅली_प्रूफ

तक्ते नुसते म्हणे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेची नोटीस चौदा दिवस आधी सभासदाच्या हातात पडायला हवी. लेखापरीक्षकाची सही शेवटच्या घटकेला होते आणि त्यानंतरही ताळेबंदात एक आकडा बदलतो. ऑगस्ट-सप्टेंबरात प्रेसवाला घरी जेवायला जात नाही. त्यातून जो अहवाल नीट वाचता येईल असा काढतो त्याला काम येतं, असं मी समजतो.

नुसतं 'मी केला' असं सांगू नकोस. आधी कसा होता आणि तू काय बदललंस ते सांग.

कृष्णाकाठ

बरं, सांगते.

आधीचा अहवाल जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये होता. संस्थेकडून मजकूर यायचा तो वेगळ्याच फॉन्टमधला, उघडला की नुसता कचरा. तो युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचे, 'कर्ज' आणि 'खर्च' हे शब्द तर हमखास फुटायचे. अहवालात दुसरं असतं काय! त्यामुळे पहिल्या वर्षी मजकूर दुरुस्त करणं हेच मोठं काम होतं.

मग आकडे. फॉन्टातल्या आकड्यांची रुंदी सारखी नसल्यामुळे रकाने डोलायचे, एककाखाली एकक येत नव्हतं. सगळे आकडे एका रुंदीत बसतील असा फॉन्ट शोधला. लाख-कोटीचे स्वल्पविराम एका रेषेत आणले. चालू वर्ष ठळक केलं, मागचं वर्ष साध्या वजनात. आधी दोन्ही सारखीच असायची आणि सभेत हमखास कुणीतरी मागच्या वर्षाचा आकडा वाचून भांडायला उठायचं.

सभासद बहुतेक साठीपुढचे. अक्षर मोठं केलं की पानं वाढतात. मध्ये पिन मारायची असल्यामुळे पानं चारच्या पटीत हवीत, म्हणजे एक पान वाढलं की चार वाढणार आणि कागदाचं बिल चढणार. तेव्हा संचालकांच्या पासपोर्ट फोटोंची दोन पानं एका पानात बसवली आणि ती जागा अक्षराला दिली. त्यावर दोन संचालक रुसले होते.

गॅली_प्रूफ

हं. आता सांग, यात बघण्यासारखं काय आहे?

अर्धविराम

मी या क्षेत्रात जरा वेगळ्या दाराने आलोय, एका सॉफ्टवेअर कंपनीत यूएक्स, म्हणजे वापरणाऱ्याला अ‍ॅप सोपं जावं हे बघतो. पण अहवालाची गोष्ट वाचून राहवलं नाही. वाचणारा कोण, तो कुठे अडतो, मागचा आकडा वाचून भांडण का होतं, जागा कुणाची काढून कुणाला दिली: आमच्याकडे येणाऱ्या केस स्टडीत नेमकं हेच सापडत नाही. तिथे रंगीत चिकट चिठ्ठ्यांनी भरलेल्या भिंतीचा फोटो असतो, दोन हिरे काढलेली आकृती असते, आणि 'प्रिया, २६, मुंबई, प्रवासाची आवड' असं एक काल्पनिक पात्र असतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रियाला एकही अडचण येत नाही.

तुमच्या एसटीच्या रिडिझाइनबद्दल विचारतो, राग मानू नका. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास त्याच्या आधीच्या वर्षापासून. एकाच आरक्षणात आजी, सून आणि मुलगा असे तिघं असतील तर तीन वेगळी भाडी लागतात. तुमच्या स्क्रीनवर हे कुठे दिसतं?

कृष्णाकाठ

दिसत नाही. कोर्समध्ये रंग, आयकॉन आणि सीट निवडायचा पडदा एवढंच होतं.

अर्धविराम

मग आहे तसं ठेवू नका. ठेवायचंच असेल तर सांगलीच्या स्थानकावर आरक्षण खिडकीपाशी एक दुपार बसा, लोक काय विचारतात ते लिहून घ्या आणि फक्त तेवढा एक पडदा नव्याने करा. सबंध अ‍ॅप करायची गरज नाही. तुम्हाला पॅकेजिंगमध्ये जायचंय म्हणता, तेव्हा खरं तर हाही खटाटोप नको.

खाणं मागवायचं अ‍ॅप बिनदिक्कत काढा. अशा अ‍ॅपवर भरपूर माणसं रोज डोकं लावत असतात. बाहेरून बघून 'हे बटण इथे हवं होतं' म्हणणं सोपं असतं, ते तिथे का नाही हे बाहेरच्याला कळायला मार्ग नसतो.

निऑन

सगळ्यांचं वाचलं. थोडा विरोधी सूर लावतो.

मी मुंबईत जाहिरात एजन्सीत आर्ट डायरेक्टर आहे. अहवालाची गोष्ट सुंदर आहे, मान्य. पण ती वाचायला कुणी थांबलं पाहिजे ना? पोर्टफोलिओ उघडतो तेव्हा माझा चहा गार होत असतो आणि खाली आणखी चाळीस लिंका असतात. पहिल्या दोन पडद्यांवर डोळ्याला काही लागलं नाही तर मी पुढे जातो. यात अभिमान वाटावा असं काही नाही, पण चालतं ते असं. पहिल्या पानावर ताळेबंद ठेवलात तर तो ताळेबंदच दिसणार.

आणि 'खरं गिऱ्हाईक असलेलंच काम चांगलं' हे मला पटत नाही. गिऱ्हाईकाच्या कामात बऱ्याचदा गिऱ्हाईकाचीच आवड दिसते. स्वतःहून केलेल्या कामात माणसाचा डोळा दिसतो. कॉफी शॉप काढा, पण त्या जागी आपल्या मनाचं एक तरी ठेवा.

चौकट

@निऑन, डोळ्याचं मान्य. पण फिनिश आणि मॉकअप यांत फरक आहे. मॉकअपवरची सावली सॉफ्टवेअरनं टाकलेली असते. छापील पाकिटावर रजिस्ट्रेशन (रंगावर रंग नेमका बसणं) सरकलेलं नाही, लाल रंग चारही पाकिटांवर सारखाच आलाय, हे फिनिश. ते मला छापलेल्या वस्तूतच कळतं.

शिवाय तुमच्या एजन्सीत तिच्या फायली कुणीतरी दुरुस्त करणारं असेल. आमच्याकडे नऊ जण आहेत. आलेल्या माणसानं फाइल थेट सिलिंडरवाल्याकडे पाठवायची असते.

निऑन

@चौकट, म्हणजे तुम्हाला प्रेसचा माणूस हवाय आणि मला डोळ्याचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मग तिनं आधी ठरवावं की पाठवायचा कुणाकडे आहे.

चौकट

ते तिनं पहिल्याच पोस्टमध्ये ठरवलंय, साहेब. पॅकेजिंग लिहिलंय. :)

गॅली_प्रूफ

मारामारी थांबली असेल तर मी अक्षरांबद्दल बोलतो. सुलेखनाची पानं म्हणजे काय आहे? ओव्या, गणपती, शिवाजी महाराज?

कृष्णाकाठ

हो काका, तेच. आणि एक बाराखडी. :D

गॅली_प्रूफ

ते घरात लाव, छान दिसेल. अक्षर कामाला लागलेलं दाखव. कमल शेडग्यांची अक्षरं लोकांच्या लक्षात राहिली ती नाटकांच्या जाहिरातींतून. तिथे त्या अक्षराला रोजच्या पेपरात, इतर जाहिरातींच्या गर्दीत, चार बोटं जागेत उठून दिसायचं असायचं.

तुझ्या पाकिटावर 'कांदा-लसूण' कुठल्या फॉन्टात आहे?

कृष्णाकाठ

फॉन्ट नाही, काढलंय. फॉन्टातला ल हिंदी वळणाचा येत होता आणि मालकीणबाईंना तो डोळ्यांत खुपत होता. म्हणाल्या, हे आपलं लसूण वाटत नाही. मग ल मी हाताने काढला, आणि तो बाकीच्यांशी जुळेना म्हणून पाचही अक्षरं काढली. शिरोरेघ थोडी तुटक ठेवलीय, कारण पाकिटावर घडी नेमकी तिथेच पडते. रेघ अखंड असती तर घडीवर वाकडी दिसली असती.

गॅली_प्रूफ

झालं मग. तेच तुझं सुलेखन. कच्ची रेखाटनं जपून ठेवली असशील तर दोन-तीन टाक.

(मराठीचे ल आणि श कुठल्या वळणाचे हे शासनाने २००९ च्या निर्णयात ठरवून दिलंय. बऱ्याच युनिकोड फॉन्टांत ते दडलेलेही असतात, भाषा 'मराठी' निवडली की बाहेर येतात. पण हे तपासायला सवड कुणाला आहे? अर्ध्या पुण्याच्या पाट्या हिंदी ल मिरवतायत.)

कट्टेकरी

काका, पुण्याच्या पाट्यांवर बोलायचं तर वेगळा धागा काढा. सर्व्हर पडेल.

पेन्सिल_टोक

मध्येच घुसतोय, माफी असावी. मी सीड (आयआयटींतल्या डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा) देतोय. आयआयटी मुंबईची आयडीसी आणि एनआयडी या डिझाइन संस्थांच्या मुलाखतीला पोर्टफोलिओ न्यायचा तर हेच नियम लागू का? माझं इंजिनिअरिंग झालंय, डिझाइनचं खरं काम एकही नाही.

अर्धविराम

@पेन्सिल_टोक, नाही. नोकरीसाठी बघणारा विचारतो की सोमवारी आला तर काय करू शकेल. कॉलेजवाले बघतात की हा दोन वर्षांत शिकेल का. त्यांच्यासमोर स्केचबुक ठेव, मोडून परत जोडलेली वस्तू ठेव, घरचा दरवाजा करकरतो म्हणून केलेला जुगाड ठेव, काढलेले फोटो ठेव. इंजिनिअरिंगचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प हातानं केला असेल तर तोही, पण त्यातलं सर्किट कमी सांग आणि तो कोण वापरणार होतं ते जास्त सांग. आणि क्लासवाल्यांनी करून घेतलेलं काहीही ठेवू नकोस. एकाच क्लासच्या वीस मुलांकडे तोच दिवा असतो.

पेन्सिल_टोक

तो दिवा माझ्याकडेही आहे. बांबूचा. काढतो.

सायकलवाली

नेदरलँड्सहून लिहितेय. इथे ग्राफिक डिझायनर म्हणून नोकरी शोधली तेव्हाचा अनुभव कामी येईल म्हणून सांगते.

माझ्या निम्म्या कामात देवनागरी होती. ती काढून टाकावी असं सगळ्यांनी सुचवलं, कारण इथे वाचणार कोण? मी ठेवली. फक्त प्रत्येक चित्राखाली काय लिहिलंय, ते कोण वाचणार होतं आणि कुठे लागणार होतं हे तीन ओळींत इंग्रजीत दिलं. देवनागरीत वर-खाली मात्रा येतात म्हणून ओळींमधलं अंतर रोमनपेक्षा जास्त लागतं, ते मी दोन्ही लिप्या शेजारी ठेवून एका पानात दाखवलं होतं. मुलाखतीत त्याच पानावर सगळ्यात जास्त बोलणं झालं. वाचता येत नसल्यामुळे त्यांना फक्त मांडणीच दिसते, आणि ते आपल्या पथ्यावर पडतं.

इथे एक प्रश्न ठरलेला असतो: यात तू नेमकं काय केलंस? दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरचं चित्र तुझं आहे का, कृष्णाकाठ?

कृष्णाकाठ

चित्र माझं नाही. आमच्याकडच्याच एका चित्रकारांचं आहे. माझी अक्षरं आणि मांडणी.

सायकलवाली

मग ठेवायचं असेल तर तसं स्पष्ट लिही, त्यांचं नाव दे आणि त्यांना विचार. पण मुखपृष्ठ उघडल्यावर आधी चित्रच दिसणार. बघणारा वाहवा करणार ती चित्राची, आणि खालची ओळ वाचली की हिरमुसणार. अंकाची आतली पानं तू लावली असशील तर ती दाखव. कथा, कविता, जाहिराती आणि पंचांग एकाच अंकात नांदवणं सोपं नसतं.

कृष्णाकाठ

आतली पानं दुसऱ्या प्रेसने लावली होती. मग अंक गेला.

निऑन

एआयनं काढलेली चित्रं कुठल्या कामात असतील तर तीही आत्ताच बघून घ्या. वापरली म्हणून कुणी हाकलत नाही, लपवली की प्रश्न येतो. विचारलं की लगेच सांगता आलं पाहिजे की चित्र कुठून आलं.

कृष्णाकाठ

तसं काही नाही. कॉफी शॉपमध्ये एक उतरवलेला फोटो होता, पण कॉफी शॉपच गेलं.

अजून एक शंका. हे सगळं प्रेसच्या नावावर झालंय, मी पगारी. मालकांना विचारायला हवं का? विचारलं म्हणजे मी सोडून चाललेय हे कळणार.

चौकट

बाजारात आलेलं पाकीट कुणीही विकत घेऊन फोटो काढू शकतो. अहवालही सभासदांना वाटलेला आहे. 'अमुक प्रेसमध्ये असताना केलेलं काम, यातली माझी भूमिका अशी' हे लिहा, एवढ्यानं माझं तरी समाधान होतं. बाजारात न आलेली कामं, नाकारलेले पर्याय, गिऱ्हाईकाचे ईमेल, दर, यातलं काही नको. गोपनीयतेच्या कागदावर सही केली असेल तर तो कागद आधी वाचा.

आणि अहवालातली सभासदांची नावं, थकबाकीदारांची यादी झाका. एकदा एका उमेदवारानं ती तशीच दाखवली होती. आम्ही मांडणी सोडून यादीच वाचत बसलो.

गॅली_प्रूफ

मालकाला मात्र सांग. कायद्यासाठी नाही. सांगली लहान आहे, पुण्यातून फोन त्यालाच येणार आहे.

कट्टेकरी

गणेश मंडळांची पावती पुस्तकं सगळेच विसरले. वर्गणी ५१ की ५०१ हे पावतीच्या कागदावरून ठरतं, हा माझा अभ्यास आहे.

निऑन

हे विनोद म्हणून लिहिलंय, पण @कृष्णाकाठ, मी 'आपल्या मनाचं एक तरी ठेवा' म्हणालो होतो ना, ते इथे सापडेल बघा. पावती पुस्तक ही काय वस्तू आहे! नंबर घातलेलं, छिद्रांच्या रेघेवर फाडायचं, अर्धं मंडळाकडे आणि अर्धं देणाऱ्याकडे. रस्त्यात उभं राहून, हातावर धरून, कसल्याही पेनानं लिहायचं. वर गणपती, त्याच्या खाली देणगीदार सराफ, आणि लिहायला जागा उरते दोन ओळी. गिऱ्हाईकाशिवाय, स्वतःच्या डोक्यानं एक पुस्तक करा. छापून घ्या, प्रेस तुमच्या हाताशी आहे. ते मी पहिल्या पानावरही बघेन.

चौकट

याला माझंही अनुमोदन. मुंबई-पुणे एकमत झाल्याची नोंद घ्यावी.

कृष्णाकाठ

मंडळी, मालकांशी बोलले. आधी गप्प बसले, मग म्हणाले अहवालाच्या जुन्या प्रती माळ्यावर आहेत, काढून घे. माझ्या आधीच्या वर्षांचेही मिळाले, म्हणजे आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवता येईल.

आता क्रम असा लावलाय. आधी मसाल्याची चार पाकिटं, मागच्या बाजूसकट, त्यातच लसणाची रेखाटनं. मग पावती पुस्तक, ते या आठवड्यात छापतेय. मग अहवाल. चौथी एक लग्नपत्रिका ठेवावी म्हणतेय, ती छापील मजकुरासोबत वधूच्या अंध मावशीसाठी ब्रेलमध्येही केली होती, पंचिंग मिरजेत एका ओळखीच्यांकडून करून घेतलं. बाकी सगळं गेलं. पाच-सहा म्हणाले होते, चारच होतात. चालेल का?

चौकट

चार चालतील. पाचवं केवळ संख्येसाठी घालू नका. कच्च्या कामावरूनच सगळ्या पोर्टफोलिओचा अंदाज बांधला जातो.

लग्नपत्रिकेचा फोटो तिरप्या उजेडात काढा, नाहीतर ब्रेलचे ठिपके दिसणार नाहीत. खिडकीशेजारी, सकाळी, फ्लॅश बंद.

अर्धविराम

पत्रिका वरच्या क्रमांकावर घ्या, माझं ऐका. मावशींनी वाचली तेव्हा कुठे अडल्या का, हे विचारता आलं तर विचारा आणि तेही लिहा.

कृष्णाकाठ

विचारलं होतं. मुहूर्ताची वेळ त्यांना दोनदा वाचावी लागली, ठिपके घडीवर आले होते. तेही लिहिते.

पीडीएफची लिंक @चौकट, @निऑन आणि काकांना व्यक्तिगत निरोपात पाठवली आहे. फाइल हलकी केलीय, फोनवर उघडते.

निऑन

बघितलं. पावती पुस्तकाचं पान अजून रिकामं आहे, ते आलं की परत पाठवा. पाकिटांचं पहिलं पान झकास. तुमचं नाव आणि फोन नंबर शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे, तो पहिल्यावरही द्या.

गॅली_प्रूफ

मीही पाहिलं. पान ३ वर 'पाकीटे' आहे, पान ५ वर 'पाकिटं'. एक काहीतरी ठरव. अहवालाच्या पानावर 'लेखापरिक्षण' झालंय, रि दीर्घ कर. आणि मागच्या बाजूच्या फोटोत पोषणमूल्यांच्या तक्त्यावर प्रकाशाचा डाग पडलाय, तेवढा एक परत काढ.